टॅब्लेटच्या पडद्यावर लेखणी एकाच जागी का अडते?

टॅब्लेट आणि त्याच्यासोबतची स्टायलस, अर्थात इलेक्ट्रॉनिक लेखणी, ही आता केवळ हौशी मंडळींची वस्तू राहिलेली नाही. विद्यार्थी तिने वर्गातील टिपणे काढतात, वास्तुरचनाकार आराखड्यांवर खुणा करतात, चित्रकार रेखाटने करतात, तर कार्यालयांमध्ये कागदपत्रांवरील सह्यादेखील तिनेच होतात. अशा वेळी पडद्यावरचे चित्र स्वच्छ असते, उपकरण सुरळीत चालू असते, परंतु पडद्याच्या एका ठरावीक भागात मात्र लेखणी उमटत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. मराठी लिहिणाऱ्याच्या तो फार लवकर लक्षात येतो. शब्दांवरील शिरोरेषा ओढताना ती प्रत्येक ओळीत नेमक्या त्याच जागी तुटते.

या प्रसंगी बहुतेक जण दोनपैकी एक मार्ग पत्करतात. काही जण नवी लेखणी विकत घेतात, तर काही जण थेट दुरुस्तीच्या दुकानात जाऊन पडदा बदलून घेतात. पहिल्या मार्गाने बहुधा काहीच साध्य होत नाही. लेखणी बिघडली असेल तर ती सर्वत्र अडायला हवी. एकाच जागी अडत असेल तर दोष लेखणीत असण्याची शक्यता कमी. दुसरा मार्ग खर्चिक आहे, आणि पडदा बदलूनही दोष तसाच राहिला, असे होऊ शकते. वास्तविक, निकामी झालेल्या भागाचा आकार, त्याची जागा आणि तेथे बोट चालते की नाही, या तीन गोष्टींवरून बिघाडाचे कारण घरच्या घरी बऱ्याच अंशी ओळखता येते. ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी, याची माहिती येथे दिली आहे.

आधी माहितीची प्रत, मग रीस्टार्ट

उपकरण बिघडले की ते बंद करून पुन्हा सुरू करावे, हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय. तो चुकीचा नाही. पण पडद्याचा काही भाग निकामी असताना तो पहिलाच करू नये. रीस्टार्ट केल्यानंतर आयपॅड आणि बहुतेक अँड्रॉइड टॅब्लेट बोटाचा ठसा किंवा चेहरा स्वीकारत नाहीत. सांकेतिक क्रमांकच मागतात. त्या क्रमांकातील एखादा आकडा नेमका निकामी पट्ट्यात येत असेल, तर आपल्याच टॅब्लेटबाहेर राहण्याची वेळ येते. वारंवार चुकीचा क्रमांक गेल्यास आयपॅड कुलूपबंद होतो आणि अखेरीस त्यातील सर्व माहिती पुसूनच तो पुन्हा वापरता येतो.

म्हणून टॅब्लेट उघडलेला असतानाच सर्व टिपणे, चित्रे आणि छायाचित्रे यांची प्रत संगणकावर, पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर काढून ठेवावी. आवश्यक बटण निकामी भागात येत असेल, तर टॅब्लेट आडवा किंवा उभा फिरवावा; बटणाची जागा बदलते. तेवढ्याने भागले नाही तर साधा यूएसबी माऊस जोडावा. अँड्रॉइड टॅब्लेटला तो ओटीजी जोडणीने लावता येतो, तर आयपॅडवर माऊसची पूर्ण सोय मार्च २०२० मधील आयपॅडओएस १३.४ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. माऊस टॅब्लेट उघडा असतानाच जोडून पाहावा. तासाभरापेक्षा अधिक काळ कुलूपबंद राहिलेला आयपॅड नव्याने जोडलेले उपकरण ओळखण्यापूर्वी सांकेतिक क्रमांक मागू शकतो.

लेखणी कोणत्या जातीची?

निदान करण्यापूर्वी आपली लेखणी कोणत्या तत्त्वावर चालते, हे ठाऊक असणे आवश्यक आहे. ढोबळमानाने तिचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार जुना, दाबावर चालणाऱ्या पडद्यांचा. १९९३ चा अ‍ॅपल न्यूटन, १९९६ चा पाम पायलट, बंगळुरूमध्ये विकसित झालेला आणि २००४ मध्ये बाजारात आलेला सिम्प्युटर आणि २०११ मध्ये सादर झालेल्या ‘आकाश’ टॅब्लेटची पहिली आवृत्ती, हे सारे याच कुळातले. या पडद्यात दोन पारदर्शक थर एकमेकांपासून किंचित दूर असतात आणि दाब पडला की ते एकमेकांना टेकतात. त्यामुळे नखानेही, काडीनेही लिहिता येते. असे पडदे आजही काही औद्योगिक यंत्रांवर आढळतात.

दुसरा प्रकार रबरी टोकाच्या साध्या लेखणीचा. दुकानात स्वस्तात मिळणारी ही लेखणी पडद्याच्या दृष्टीने बोटच असते. आजच्या पडद्यांवर काचेच्या लगत पारदर्शक विद्युत्‌वाहकांच्या आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते. इंडियम टिन ऑक्साइड हा त्यासाठी सर्रास वापरला जाणारा पदार्थ आहे. बोट जवळ आले की त्या ठिकाणची विद्युत्‌धारिता बदलते आणि त्यावरून उपकरणाला स्पर्शाची जागा कळते. रबरी लेखणी नेमके हेच करते.

तिसरा प्रकार बॅटरीवर चालणाऱ्या सक्रिय लेखणीचा. अ‍ॅपलने २०१५ मध्ये आयपॅड प्रोसोबत आणलेली अ‍ॅपल पेन्सिल, मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ३ पासूनच्या लेखण्या आणि अनेक क्रोमबुकवर चालणाऱ्या यूएसआय लेखण्या या प्रकारात मोडतात. ही लेखणी आपल्या टोकातून संकेत पाठवते आणि काचेलगतची तीच जाळी तो संकेत ग्रहण करते. बोट आणि लेखणी या दोघांसाठी जाळी एकच, ही बाब येथे ध्यानात ठेवावी.

चौथा प्रकार विद्युत्‌चुंबकीय अनुनादावर चालणाऱ्या लेखणीचा. जपानच्या वॅकॉम कंपनीने हे तंत्र रुजवले. २०११ पासूनची सॅमसंगची गॅलेक्सी नोट मालिका व त्यानंतरचे एस पेनचे टॅब्लेट, तसेच किंडल स्क्राइब आणि रिमार्केबल २ ही उपकरणे ते वापरतात. या प्रकारात पडद्याच्या मागील बाजूस तारांच्या वेटोळ्यांचा एक स्वतंत्र पातळ थर असतो, त्याला डिजिटायझर म्हणतात. तो क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, लेखणीतील छोटे मंडल त्यातून ऊर्जा घेते आणि प्रतिसाद परत पाठवते. म्हणूनच लिहिण्यासाठी या लेखणीला बॅटरी लागत नाही. बोटासाठी पुढची जाळी आणि लेखणीसाठी मागचा थर अशी येथे पूर्ण विभागणी असते.

या विभागणीमुळेच एकाच लक्षणाचा अर्थ दोन टॅब्लेटवर वेगवेगळा होतो.

रेघांची जाळी : दहा मिनिटांची चाचणी

तपासणीसाठी वेगळे अ‍ॅप विकत घेण्याची गरज नाही. टिपणे काढण्याचे किंवा चित्र काढण्याचे कोणतेही साधे अ‍ॅप पूर्ण पडद्यावर उघडावे आणि पुढील क्रमाने चाचणी करावी.

१. लेखणीने डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सुमारे एक सेंटिमीटर अंतराने आडव्या रेघा ओढाव्यात, नंतर तशाच उभ्या. हात स्थिर आणि वेग संथ असावा.

२. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा ओढाव्यात. तिरकी रेघ न तुटता नागमोडी होत असेल, तर त्या भागात संकेत पोहोचतो आहे, पण क्षीण आहे, असे समजावे.

३. रेघ जेथे तुटते तेथे काचेवर, चित्रावर नव्हे, बारीक चिकटपट्टीचे तुकडे लावून सीमा आखून घ्यावी.

४. टॅब्लेट १८० अंशांत फिरवावा, म्हणजे वरची बाजू खाली येईल. पडदा आपोआप फिरण्याची सोय सुरू असावी. चित्र उलटल्यावर पुन्हा रेघा ओढाव्यात.

५. हीच संपूर्ण चाचणी बोटाने करावी. ‘फक्त लेखणीनेच रेखाटा’ अशी सेटिंग सुरू असेल, तर ती तेवढ्यापुरती बंद करावी. अन्यथा बोट सर्वत्रच निकामी भासेल.

अँड्रॉइड टॅब्लेटवर याहून नेमकी सोय आहे. ‘अबाउट टॅब्लेट’ या विभागातील ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारल्यास ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ खुले होतात. त्यातील ‘पॉइंटर लोकेशन’ सुरू केले की प्रत्येक स्पर्शाचा मार्ग पडद्यावर रेघेने उमटतो. मग कोणते अ‍ॅप उघडे आहे याने फरक पडत नाही. काम झाल्यावर ती सोय बंद करावी. सॅमसंगच्या उपकरणांवर ‘सॅमसंग मेंबर्स’ या अ‍ॅपमध्ये पडदा आणि एस पेन यांच्या तपासण्या दिलेल्या असतात. सॅमसंगच्या अनेक फोनवर डायल पॅडवर *#०*# टाकल्यासही तपासणीचा तक्ता उघडतो.

जाळी काय सांगते?

आता मिळालेल्या उत्तरांचा अर्थ लावावा.

टॅब्लेट उलटा केल्यावर निकामी भाग चित्रासोबत फिरला, म्हणजे काचेवर लावलेल्या खुणांच्या जागी रेघ नीट उमटली आणि दुसरीकडे तुटली, तर पडदा निर्दोष आहे. दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे. एखादे अ‍ॅप पडद्यावर अदृश्य आवरण टाकून स्पर्श गिळंकृत करत असण्याची शक्यता येथे सर्वाधिक असते. तरंगणारी बटणे, गप्पांचे बुडबुडे, पडदा ध्वनिमुद्रित करणारी साधने किंवा कडेला लपलेली पट्टी यांकडे प्रथम संशयाने पाहावे.

निकामी भाग काचेवरील खुणांनाच चिकटून राहिला, तर त्याचा आकार पाहावा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा सरळ, अरुंद पट्टा असेल, तर जाळीतील एखादी ओळ अथवा ती ओळ मुख्य मंडलाला जोडणारी चपटी केबल तुटली किंवा निसटली असावी. ओळ तुटली की तिच्यावरील सर्वच बिंदू मुके होतात, म्हणून हा दोष पट्ट्याच्या रूपातच दिसतो. याला घरगुती उपाय नाही.

ओबडधोबड, बेटासारखा ठिपका असेल तर कारण बहुधा बाहेरचे असते. स्क्रीन गार्डखाली शिरलेली हवा, धूळ किंवा ओलावा, काचेवरील तेलकट थर, कव्हरमधील चुंबक अथवा काचेला गेलेला बारीक तडा यांचा त्यात समावेश होतो. ठिपका आठवड्यागणिक मोठा होत असेल आणि तेथील काच किंचित वर आल्यासारखी वाटत असेल, तर आतील बॅटरी फुगली असण्याचा धोका आहे. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

केवळ कडांलगतचा भाग निकामी असेल, तर कव्हरची दाबणारी चौकट, नीट न बसलेला स्क्रीन गार्ड किंवा, विंडोज टॅब्लेटच्या बाबतीत, चुकलेले कॅलिब्रेशन हे पहिले संशयित होत.

यानंतर बोटाच्या चाचणीचे उत्तर जोडावे. सक्रिय लेखणीच्या टॅब्लेटवर बोट आणि लेखणी दोन्ही एकाच जागी अडत असतील, तर दोष दोघांच्या सामाईक जाळीत आहे. बोट चालते आणि लेखणी अडते, असे असेल तर जाड स्क्रीन गार्ड, झिजलेले टोक किंवा लेखणीची क्षीण बॅटरी यांमुळे संकेत दुबळा झाला असावा. एकाच जागी अडणारी लेखणी क्वचित स्वतः दोषी असते, ती याच परिस्थितीत. तिचा दुबळा संकेत गार्ड जेथे उचललेला असतो तेथे प्रथम हरवतो.

चुंबकीय अनुनादाच्या टॅब्लेटवर मात्र बोट चालते आणि लेखणी अडते, याचा अर्थ पुढची जाळी ठीक असून मागचा डिजिटायझर किंवा त्याच्या आसपासचे चुंबक संशयास्पद आहे. उलट, लेखणी चालते आणि बोट अडते, तर डिजिटायझर ठीक असून पुढची जाळी बिघडली आहे. दोन्ही एकाच जागी अडत असतील, तर अदृश्य आवरण टाकणाऱ्या अ‍ॅपची शक्यता प्रथम निकालात काढावी. कारण दोन स्वतंत्र थर नेमके एकाच जागी बिघडणे सहसा टॅब्लेट आपटला, दबला किंवा भिजला असेल तरच घडते.

बिनखर्चाचे उपाय, क्रमाने

पहिला उपाय म्हणजे टॅब्लेट ‘उघडा’ करणे. कव्हर, कीबोर्ड, पाठीमागे चिकटवलेली कडी, चुंबकीय स्टँड असे सर्व काही काढून टाकावे आणि टॅब्लेट लाकडी टेबलावर ठेवून चाचणी पुन्हा करावी. एस पेनसारख्या लेखणीच्या बाबतीत चुंबकाचा प्रभाव विशेष जाणवतो. झाकणाचे कव्हर मागे दुमडले की त्यातील चुंबक नेमके पडद्यामागे येते आणि तेवढ्या जागी लेखणी अडखळते. कव्हर काढताच दोष नाहीसा झाला, तर खर्च कव्हरपुरताच. लॅपटॉपच्या पाठीवर, दुसऱ्या टॅब्लेटवर किंवा स्पीकरवर ठेवून लिहिण्याची सवयही याच कारणासाठी टाळावी.

दुसरा उपाय चार्जर काढण्याचा. हलक्या प्रतीच्या चार्जरमधून येणारा विद्युत्‌गोंगाट जाळीच्या मोजमापात मिसळतो. परिणामी रेघा थरथरतात, स्पर्श आपोआप उमटतात किंवा काही ठिकाणी उमटतच नाहीत. चार्जर काढल्यावर सारे सुरळीत झाले, तर पडद्याला दोष देण्याचे कारण उरत नाही.

तिसरा उपाय सफाईचा. टॅब्लेट बंद न करता केवळ पडदा मालवून, मऊ मायक्रोफायबर कापड किंचित ओलसर करून काच पुसावी. पाणी किंवा कोणतेही द्रव थेट काचेवर फवारू नये. चिकट डाग असल्यास ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा रुमाल चालतो. मात्र आपल्या उपकरणाच्या माहितीपत्रकात त्यास मनाई नाही ना, हे पाहून घ्यावे. काच पुसण्याचे घरगुती द्रव आणि अ‍ॅसिटोन वर्ज्य समजावे.

चौथा उपाय स्क्रीन गार्ड काढून पाहण्याचा. गार्ड वाया जाईल या भीतीने अनेक जण हे टाळतात. परंतु नव्या पडद्यापुढे गार्डची किंमत नगण्य आहे. मात्र मूळ काचेला तडा असल्यास गार्ड काढू नये, कारण काचेचे तुकडे त्यानेच धरून ठेवलेले असू शकतात.

पाचवा उपाय लेखणीचा. तिचे टोक घट्ट बसले आहे का, झिजून तिरके झाले आहे का, हे पाहावे. कागदाचा भास देणाऱ्या खरबरीत फिल्मवर टोक लवकर झिजते. बॅटरीची लेखणी पूर्ण चार्ज करावी. शक्य असल्यास परिचिताची त्याच जातीची लेखणी मागून तिने चाचणी करावी. ती त्याच जागी अडली, तर आपली लेखणी निर्दोष ठरते आणि नव्या लेखणीचा खर्च वाचतो.

सॉफ्टवेअरची बाजू

माहितीची प्रत घेतल्यानंतर रीस्टार्ट करण्यास हरकत नाही. होम बटण नसलेल्या आयपॅडवर सक्तीने रीस्टार्ट करण्यासाठी वरच्या बटणाजवळील आवाजाचे बटण दाबून सोडावे, दुसरे दाबून सोडावे आणि मग अ‍ॅपलचे चिन्ह दिसेपर्यंत वरचे बटण दाबून धरावे.

दोष चित्रासोबत फिरणारा असेल, तर अँड्रॉइड टॅब्लेट ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा. अनेक टॅब्लेटवर बंद करण्याच्या पर्यायावर बोट काही क्षण दाबून धरल्यास सेफ मोड विचारला जातो. या अवस्थेत आपण स्वतः घातलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. तेथे लेखणी सर्वत्र चालली, तर दोषी एखादे अ‍ॅप आहे हे सिद्ध होते. मग नेहमीच्या अवस्थेत परतून, इतर अ‍ॅप्सवर दिसण्याची परवानगी असलेली अ‍ॅप्स एकेक करून काढावीत.

विंडोज टॅब्लेटवर कंट्रोल पॅनेलमधील ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’मध्ये जाऊन कॅलिब्रेशन ‘रीसेट’ करावे. अनेकदा कोणीतरी पूर्वी घाईत केलेले कॅलिब्रेशनच कडांचा भाग निकामी करून ठेवते. संगणकाला जोडून वापरण्याच्या चित्रफलकांवर लेखणीचे क्षेत्र कमी-जास्त करण्याची सेटिंग असते. दुसरा मॉनिटर जोडल्यावर ते क्षेत्र चुकीचे आखले गेले आहे का, हेही पाहावे. दाबावर चालणाऱ्या जुन्या पडद्यांवर कॅलिब्रेशन हाच पहिला उपाय होय.

फॅक्टरी रीसेट, म्हणजे टॅब्लेट मूळ स्थितीला नेणे, हा उपाय सरसकट सुचवला जातो. तो फक्त सॉफ्टवेअरचा दोष निश्चित झाल्यावरच करावा. काचेला चिकटलेला निकामी पट्टा रीसेटने सुधारत नाही. उलट, रीसेटनंतर टॅब्लेट जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि कीबोर्डवरील काही अक्षरे निकामी पट्ट्यात असतील, तर चालता टॅब्लेट निरुपयोगी होऊन बसतो.

ओलावा आणि फुगलेली बॅटरी

कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतील दमटपणा खूप वाढतो. भिजलेल्या पिशवीत ठेवलेला टॅब्लेट किंवा वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आणलेला टॅब्लेट यांवर ओलावा धरतो आणि त्यामुळे काही काळ स्पर्श चुकतो. काच पुसून टॅब्लेट कोरड्या, हवेशीर जागी ठेवल्यास हा दोष बरेचदा आपोआप जातो. हेअर ड्रायरची उष्ण हवा मारू नये. तांदळात ठेवण्याचा प्रचलित उपायही करू नये. तांदळाचे बारीक कण आत जाऊन हानी करू शकतात, असे अ‍ॅपलने आपल्या फोनसंबंधीच्या सूचनेत २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. पाणी प्रत्यक्ष आत शिरले असेल तर चार्जर न लावता उपकरण बंद करून सर्व्हिस सेंटर गाठावे.

काच एका बाजूने वर उचलली जाणे, सपाट टेबलावर टॅब्लेट डुगडुगणे किंवा काचेवर दाबल्यासारखा फिकट डाग दिसणे, ही फुगलेल्या बॅटरीची चिन्हे आहेत. येथे प्रश्न लेखणीचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो. टॅब्लेट तत्काळ बंद करावा, चार्ज करू नये, काच दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये आणि बॅटरीला टाचणीही लावू नये. अशी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकणे धोक्याचे आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ती अधिकृत केंद्राकडेच सोपवावी.

दुरुस्तीला नेताना

घरगुती तपासणी संपल्यावरही पट्टा कायम राहिला, तर दुरुस्ती अटळ आहे. तेथेही आपण केलेली चाचणी कामी येते. ‘पेन चालत नाही’ एवढेच सांगण्याऐवजी, ‘वरून चार सेंटिमीटरवर आडवा पट्टा आहे, बोट चालते, लेखणी चालत नाही, कव्हर आणि गार्ड काढून पाहिले आहे’ असे सांगावे आणि तुटलेल्या रेघांचे छायाचित्र दाखवावे. निकामी भाग टॅब्लेट उघडल्यावर किंवा वाहतुकीत बदलू शकतो, म्हणून हे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे.

खर्चास होकार देण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. नेमका कोणता भाग बदलणार? पुढची काच, संपूर्ण डिस्प्ले, डिजिटायझर की केवळ केबल? काही टॅब्लेटमध्ये डिजिटायझर डिस्प्लेसोबतच जोडून येतो, काहींमध्ये वेगळा असतो. दोष मागच्या थरात असताना केवळ पुढची काच बदलली तर पैसे वाया जातात. बसवला जाणारा भाग मूळ कंपनीचा आहे की पर्यायी? त्यावर हमी किती दिवसांची? माहिती पुसली जाणार का? या सर्वांची उत्तरे जॉबशीटवर लिहून घ्यावीत.

टॅब्लेट परत घेताना दुकानातच रेघांची जाळी पुन्हा काढावी. नव्या पडद्यावर बोट चालणे आणि लेखणीची रेघ सरळ, सलग, दाबानुसार जाड-बारीक येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक ग्राहक पहिली पाहून पैसे देतात आणि दुसरी घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात येते.

टॅब्लेट वॉरंटीत असेल, तर काच न फुटता आपोआप निर्माण झालेला दोष मोफत दुरुस्तीस पात्र ठरू शकतो. म्हणून अधिकृत केंद्राआधी अन्यत्र उपकरण उघडू देऊ नये. वॉरंटी संपली असली तरी कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक तपासावा. विशिष्ट काळातील उत्पादनात दोष आढळल्यास कंपन्या कधी कधी मोफत दुरुस्ती जाहीर करतात. स्पर्श न ओळखणाऱ्या काही आयफोन ११ संचांसाठी अ‍ॅपलने डिसेंबर २०२० मध्ये अशी योजना आणली होती. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केले असून त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्ती व सुट्या भागांविषयीची माहिती मिळते. सेवेबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तारीख घातलेले छायाचित्र आणि जॉबशीट हाती असेल, तर अशा तक्रारीला वजन येते.

पुढे काय काळजी घ्यावी?

दप्तरात टॅब्लेट पुस्तकांच्या मधोमध कोंबू नये. जाळीची केबल बहुधा कडेला असते आणि सततच्या पिळवटण्याने ती सैल होते. एका कोपऱ्याला धरून टॅब्लेट उचलण्याची सवय सोडावी. लेखणीचे टोक झिजताच बदलावे. गार्ड घेताना तो लेखणीसाठी योग्य आहे का, हे विचारावे. सक्रिय लेखणी महिनोन्‌महिने चार्ज न करता ठेवू नये, कारण पूर्ण रिकामी झालेली बॅटरी पुन्हा सजीव होईलच असे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टिपणांची प्रत नियमितपणे दुसरीकडे जाईल अशी व्यवस्था करावी. परीक्षेच्या आदल्या दिवशी पडदा अडला तर वर्षभराची टिपणे त्यासोबत अडू नयेत.

एवढे करूनही पडदा बदलावा लागला, तरी तो कशासाठी बदलतो आहोत हे ग्राहकाला ठाऊक असेल. मात्र कव्हर, गार्ड, चार्जर आणि एखादे उपद्रवी अ‍ॅप या चार संशयितांची झडती घेतल्याशिवाय खिशात हात घालू नये.